संथ गतीची डार्क अकॅडेमिया कादंबरी कशी वाचावी: कोकणातील नव्या वाचकांसाठी

डार्क अकॅडेमिया या नावाखाली येणाऱ्या कादंबऱ्या गेल्या काही वर्षांत कोकणातील महाविद्यालयीन वाचकांपर्यंत पोहोचल्या आहेत. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या गावांतील ज्या तरुण वाचकांशी या पुस्तकांविषयी बोलणे होते, त्यांच्यापैकी अनेकांची अडचण एकच असते: कीर्ती ऐकून पुस्तक हाती घेतले, वातावरण आवडले, भाषाही आवडली, परंतु शंभर-दीडशे पाने संपली तरी कथा जागची हलेना. टाकून द्यावे तर काहीतरी मोलाचे हातून निसटेल असे वाटते, आणि वाचत राहावे तर डोळे मिटू लागतात. ही संमिश्र भावना मनात असतानाही असे पुस्तक नीट कसे वाचता येईल, हे येथे पायरीपायरीने सांगितले आहे.

आधी या प्रकाराची तोंडओळख करून घेऊ. जुने विद्यापीठ किंवा विद्वानांचे मंडळ, मोठे ग्रंथालय, बुद्धिमान पण एकाकी विद्यार्थी, सर्वांना भारून टाकणारा एखादा गुरू, जुन्या भाषांचा अभ्यास आणि या सर्वांच्या तळाशी दडलेला एखादा अपराध, अशी या कथांची सामग्री असते. या प्रकाराचे मूळ बहुधा डोना टार्ट यांच्या 1992 मधील ‘द सिक्रेट हिस्टरी’ या कादंबरीत शोधले जाते. तीत अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यातल्या एका लहान कॉलेजात ग्रीक शिकणारा विद्यार्थ्यांचा गट आहे, आणि त्यांच्यापैकी एकाचा खून झाला हे वाचकाला आरंभीच सांगून टाकलेले आहे. कोण मेले हे ठाऊक असते. सुशिक्षित, सुसंस्कृत मुले तिथवर कशी गेली, एवढेच शोधायचे उरते. ‘डार्क अकॅडेमिया’ हे नाव पुष्कळ नंतर इंटरनेटवर रुळले आणि 2020 च्या टाळेबंदीत सर्वतोमुखी झाले. या प्रकारात कल्पनारम्यता मिसळली की जादू हाच अभ्यासाचा विषय बनतो: तिचे ग्रंथ असतात, भाष्ये असतात, वादविवाद असतात आणि तिच्यावर मालकी सांगणारे विद्वानही असतात.

माझ्या मते या कादंबऱ्यांतील अंधार मेणबत्त्यांच्या आणि दगडी इमारतींच्या वर्णनात शोधू नये. ज्ञान कोणाच्या हाती आहे, ते कोणापासून लपवले जात आहे आणि ते मिळवण्याची किंमत प्रत्यक्षात कोण मोजत आहे, या तीन प्रश्नांत तो असतो. संथ पान या तिन्हींपैकी एखाद्या प्रश्नात भर घालत असेल तर ते पान आपले काम करत आहे. भर घालत नसेल तर ती सजावट आहे, आणि सजावटीचा कंटाळा आला म्हणून वाचकाने स्वतःला दोष देऊ नये. पुढील सर्व पायऱ्या या एका कसोटीवर उभ्या आहेत.

उदाहरणासाठी मी मुख्यतः सुझाना क्लार्क यांची 2004 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ ही कादंबरी घेतली आहे. ती या लेबलाच्या आधीची आहे आणि तीत विद्यापीठाचे वर्गही नाहीत. परंतु जादूचे विद्वान, त्यांची ग्रंथालये, गुरुशिष्यांचे नाते आणि विद्येचा अहंकार हे सर्व तीत इतके भरगच्च आहे, आणि गती इतकी संथ आहे, की शिकण्यासाठी याहून योग्य पुस्तक मला सुचत नाही. मला ही कादंबरी मनापासून प्रिय आहे आणि तिचे काही भाग मला आजही जड वाटतात. लेखात तिच्या आरंभीच्या आणि मधल्या भागातील काही घटना येतील. शेवट कोठेही सांगितलेला नाही.

पहिली पायरी: पुस्तक मिळवणे आणि सांभाळणे

कोकणातील वाचनालयांत मराठी ग्रंथसंपदा मोठी असली, तरी अलीकडच्या इंग्रजी कल्पनारम्य कादंबऱ्या क्वचितच सापडतात. म्हणून वाचनालयात चौकशी जरूर करावी आणि मागणीच्या वहीत पुस्तकाचे नाव लिहावे, पण त्याचबरोबर दुसरी सोयही पाहावी. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या नातलगांना पुस्तक आणायला सांगणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. विकत घेण्यापूर्वी ई-पुस्तकाचा मोफत नमुना उतरवून घ्यावा आणि पहिली दोन प्रकरणे वाचून पाहावीत. क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची इंग्रजी धाटणी मुद्दाम वापरली आहे, काही शब्दांचे स्पेलिंगसुद्धा जुन्या वळणाचे आहे. दोन प्रकरणांत त्या धाटणीचा सराव झाला तर पुढे भाषेची अडचण येत नाही. ज्यांना ती फारच अवघड वाटते त्यांनी या प्रकारातील दुसऱ्या एखाद्या कादंबरीपासून आरंभ करावा. त्यात कमीपणा नाही.

सुमारे 800 पानांचे जाड पुस्तक कोकणच्या पावसाळ्यात सांभाळणे हे वेगळे काम आहे. दमट हवेत कागद पाणी ओढतो, पाने लाटांसारखी वाकतात, पुठ्ठ्यावर बुरशी धरते आणि चिकटवलेल्या बांधणीचा डिंक सैल होतो. पुस्तक खिडकीत किंवा जमिनीलगतच्या फळीवर ठेवू नये. कपाटात उभे ठेवावे, मागे भिंतीला टेकू देऊ नये आणि अधूनमधून पाने पंख्याच्या वाऱ्यात चाळावीत. भिजलेच तर उन्हात टाकू नये किंवा इस्त्री फिरवू नये. पानांत टीपकागद किंवा कोरा शोषक कागद घालून तो बदलत राहावा आणि पुस्तक सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावे. चिपळूणकरांना 2005 आणि 2021 च्या पुरांनंतर भिजलेल्या कागदाचे दुःख काय असते हे सांगावे लागत नाही.

ध्वनिपुस्तकाचा पर्यायही आहे. या कादंबरीचे ध्वनिमुद्रण 30 तासांहून अधिक लांबीचे आहे आणि कोकण रेल्वेच्या प्रवासात ते चांगले ऐकता येते. मात्र ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावे, कारण उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही.

दुसरी पायरी: वेळ निवडणे

हे पुस्तक गडबडीच्या दिवसांत सुरू करू नये. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी लावणी आटोपल्यानंतरचा, गणपतीपूर्वीचा काळ घ्यावा. ज्यांच्या घरी आंब्याचा व्यवसाय आहे त्यांनी मार्च ते मे हे महिने टाळावेत. रोज 20 पाने वाचली तर 800 पाने 40 दिवसांत होतात, आणि ही गती या पुस्तकाला मानवते. एका बैठकीत शंभर पाने उरकण्याचा प्रयत्न केला की वाक्यांतील बारकावे निसटतात. उलट चार-पाच दिवसांचा खंड पडला की माणसांची नावे विसरतात. थोडे आणि नित्य वाचावे.

तिसरी पायरी: पहिल्या शंभर पानांकडून काय अपेक्षा ठेवावी

येथेच सर्वाधिक वाचक थांबतात, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

सिंधुदुर्गात दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला संथ आरंभाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. मुख्य आख्यान उभे राहण्यापूर्वी आडदशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुराचा प्रसंग होतो, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षकाचे डोळे-कान त्या रात्रीला सरावतात. क्लार्क यांच्या कादंबरीची पहिली प्रकरणे अशीच वाचकाला सरावण्यासाठी आहेत. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा: दशावतारात आख्यान कधी सुरू झाले हे पेटीवाल्यापासून पोरांपर्यंत सर्वांना कळते, कादंबरीत ते कोणी जाहीर करत नाही, वाचकालाच ओळखावे लागते.

कथेचा आरंभ 1806 च्या शरद ऋतूत यॉर्क शहरातील जादूगारांच्या विद्वत्मंडळापासून होतो. हे सभ्य गृहस्थ महिन्यातून एकदा जमतात आणि जादूच्या इतिहासावरील लांबलचक निबंध वाचतात. जादू मात्र त्यांच्यापैकी एकानेही कधी केलेली नाही. सेगंडस नावाचा नवा सभासद एक साधा प्रश्न विचारतो: इंग्लंडमध्ये आता जादू का केली जात नाही? त्या प्रश्नाने मंडळात खळबळ उडते. वरवर पाहता या प्रकरणांत भांडणे आणि पत्रव्यवहार याखेरीज फारसे काही नाही. परंतु वर सांगितलेली कसोटी लावली तर दिसते की पहिल्याच प्रकरणात कादंबरीचा संपूर्ण प्रश्न मांडून झालेला आहे: विद्या आहे, ती वापरणारे कोणी नाही, आणि ती कोठे गेली हे विचारणाऱ्यालाच लोक आक्षेपार्ह ठरवत आहेत.

यानंतर नॉरेल हा गृहस्थ येतो. यॉर्कशायरमधील आपल्या वाड्यात त्याने जादूचे ग्रंथ साठवले आहेत, आणि जादूविषयीची पुस्तके व प्रत्यक्ष जादूची पुस्तके यांत तो काटेकोर भेद करतो. मंडळाच्या सभासदांकडे पहिल्या प्रकारची पुस्तके आहेत. दुसऱ्या प्रकारची जवळजवळ सर्व नॉरेलने विकत घेऊन टाकली आहेत. तो मंडळापुढे करार ठेवतो: मी जादू करून दाखवीन, आणि ती खरी ठरली तर तुम्ही मंडळ मोडायचे व स्वतःला पुन्हा कधी जादूगार म्हणवायचे नाही. सेगंडसखेरीज सर्वजण सह्या करतात. यॉर्कच्या कॅथीड्रलमधील दगडी मूर्ती बोलू लागतात, तो प्रसंग मी वाचलेल्या कल्पनारम्य साहित्यातील सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी एक आहे. परंतु त्या सौंदर्यात गुंगून जाताना एका माणसाने संपूर्ण शहराची विद्या सहीनिशी बंद केली, हे वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

कोकणातील वाचकाने येथे क्षणभर आपल्या गावांकडे पाहावे. कादंबरीतील घटना 1806 मध्ये सुरू होतात. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 मधले आहे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 मधले आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ज्या संस्थेतून आले ती 1864 मधली. त्या काळी वाचता येणारी माणसेच मोजकी होती, हे खरे. तरीही एका घराच्या कपाटात पुस्तके न राहता ती गावाच्या जागेत यावीत, ही कल्पना या किनाऱ्यावर त्याच शतकात रुजली. अशा गावांत वाढलेल्या वाचकाला नॉरेलचा बंद वाडा केवळ विक्षिप्त श्रीमंताचा छंद वाटणार नाही. तो कादंबरीतील पहिला अपराध आहे, आणि तो इतक्या संथपणे, इतक्या सभ्य भाषेत घडतो की घाईने वाचणाऱ्याला तो अपराध वाटतच नाही. गती संथ ठेवण्याचे खरे प्रयोजन मला येथे दिसते.

चौथी पायरी: वही

एक लहान वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी चार गोष्टी लिहाव्यात: नाव, त्याला काय ठाऊक आहे, तो काय लपवत आहे, आणि त्याच्या विद्येची किंमत कोण मोजत आहे. शेवटचा रकाना पुष्कळ दिवस रिकामा राहील, राहू द्यावा. कथानकाचा सारांश लिहिण्याची गरज नाही. नॉरेलच्या नावापुढचा शेवटचा रकाना भरण्याची वेळ येते तेव्हा वाचक कथेत शिरलेला असतो.

पाचवी पायरी: तळटीपांचे काय करावे

या कादंबरीत दीडशेहून अधिक तळटीपा आहेत. त्यांतील काही एका ओळीच्या, तर काही अनेक पानांवर पसरलेल्या स्वतंत्र लोककथाच आहेत. त्यांत उल्लेखिलेले ग्रंथ आणि विद्वान काल्पनिक आहेत, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नये. लहान टीप तेथेच वाचावी. लांब टीप असल्यास प्रकरण आधी पूर्ण करावे आणि मग टिपेकडे परतावे. तळटीपा पूर्णपणे वगळू मात्र नयेत. मुख्य कथेतील विद्वान ज्या जुन्या जादूविषयी मोघम बोलतात, तिची प्रत्यक्ष भीती आणि मोहिनी बहुतेक वेळा या टिपांतच भेटते, आणि नॉरेलला जे दडपून टाकायचे आहे ते पानाच्या तळाशी जिवंत राहिले आहे, असे माझे वाचन आहे. ई-पुस्तकात टिपांवर जाऊन परत येणे नीट जमते का, हे नमुन्यातच तपासून घ्यावे.

सहावी पायरी: एक तृतीयांश पुस्तकानंतर थांबून पाहणे

सुमारे अडीचशे पाने झाल्यावर दोन दिवस पुस्तक मिटून ठेवावे आणि वही उघडावी. चौथ्या रकान्यात काही लिहिले गेले आहे का, हे पाहावे.

क्लार्क यांच्या कादंबरीत तोपर्यंत एक मोठी गोष्ट घडून गेलेली असते. नॉरेल लंडनला येतो, बड्या लोकांच्या दिवाणखान्यांत मिरवू लागतो, आणि राजकारण्यांच्या नजरेत भरण्यासाठी एका मंत्र्याच्या मृत वाग्दत्त वधूला जिवंत करण्याचे मान्य करतो. त्यासाठी तो एका मानवेतर शक्तीला बोलावतो आणि त्या मुलीचे अर्धे आयुष्य देण्याचा सौदा करतो. लंडनमधील जेवणावळींची प्रकरणे मला पहिल्या वाचनात निरर्थक वाटली होती. या सौद्यानंतर त्यांचा अर्थ उमगतो: मान्यता मिळवण्याची नॉरेलची भूक किती आहे हे त्या जेवणावळींनी दाखवले नसते, तर परक्या मुलीचे आयुष्य तो इतक्या सहज मोजून देईल यावर वाचकाचा विश्वास बसला नसता. वहीतील रिकामा रकाना येथे भरतो, आणि तो ज्या व्यक्तीच्या नावाने भरतो तिला कोणी विचारलेलेसुद्धा नसते.

कोकणात वाढलेल्या माणसाला या प्रसंगातील एक बारकावा अधिक बोचेल असे मला वाटते. आपल्याकडे देवाशी, राखणदाराशी जे बोलणे होते ते गाऱ्हाण्यातून होते. नारळ ठेवून, गावासमक्ष, मोठ्या आवाजात ते घातले जाते आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. काय मागितले आणि त्या बदल्यात काय कबूल केले, हे सर्वांच्या कानांवर पडते. पुढे कोणी शब्द फिरवला तर गाव साक्षीला असते. नॉरेल मात्र सर्वांना खोलीबाहेर काढून, एकट्याने, रात्री सौदा करतो आणि त्याच्या अटी कोणालाही सांगत नाही. अलौकिकाशी व्यवहार होतो हे दोन्हीकडे समान असले, तरी साक्षीदार नसल्यामुळे काय घडू शकते याचा विचार ही कादंबरी पुढील पाचशे पाने करते. पाश्चात्त्य वाचक या प्रसंगाकडे कोणत्या नजरेने पाहतो ते बाजूला ठेवून आपल्या नजरेने तो वाचावा. पुस्तक त्या वाचनाला पुरून उरते.

थांबून पाहिल्यावर चौथा रकाना रिकामाच असेल, आणि वाचलेल्या पानांतून इमारती, पोशाख, पाऊस आणि चहा एवढेच आठवत असेल, तर ते पुस्तक सजावटीवर उभे आहे असे समजण्यास हरकत नाही. या प्रकारातील अनेक कादंबऱ्या तशा आहेत. त्यांतील ग्रंथालये सुंदर असतात, पण तेथील पुस्तके कोणी वाचत नाही, आणि विद्यार्थी विद्वान आहेत हे आपल्याला केवळ सांगितले जाते. त्यांच्या तोंडून विद्वत्तेचे एक वाक्य ऐकू येत नाही. असे पुस्तक येथे सोडावे.

सातवी पायरी: मधला भाग, आणि वेगाविषयी एक इशारा

शीर्षकात ज्याचे नाव प्रथम आहे तो जोनाथन स्ट्रेंज पहिला खंड बराच पुढे सरकल्यावर कथेत येतो आणि दुसऱ्या खंडाला त्याचेच नाव आहे. तो नॉरेलचा शिष्य बनतो, मग नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्याबरोबर पोर्तुगालला जातो आणि सैन्यासाठी जादूने रस्ते तयार करतो. येथे कथा एकदम धावू लागते. नवे वाचक येथे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मला मात्र नेमका येथेच आक्षेप घ्यावासा वाटतो. युद्धाची प्रकरणे रंजक आहेत, पण विद्येची किंमत कोण मोजतो हा प्रश्न त्यांत बराच काळ मागे पडतो. ज्या मुलीच्या आयुष्याचा सौदा झाला ती तिकडे लंडनमध्ये यातना भोगत आहे, तिने ते सांगू पाहिले तर जादूमुळे तिच्या तोंडून असंबद्ध गोष्टीच बाहेर पडतात, आणि वाचक मात्र पोर्तुगालमध्ये रस्ते पाहत आहे. स्त्रीचा आवाज दाबला जाणे हा कादंबरीचा विषयच आहे हे मान्य केले, तरी तो आवाज इतका वेळ वाचकापर्यंतही पोहोचू नये, हे मला पटत नाही. संथ लंडनपेक्षा वेगवान पोर्तुगाल मला दुय्यम वाटतो तो यामुळे. वेग आला म्हणजे पुस्तक सुधारले असे गृहीत धरू नये. कसोटी वेगवान पानांनाही लावावी.

आठवी पायरी: संमिश्र मत लिहिणे

पुस्तक संपल्यावर आठवडाभरात एक पानभर टिपण लिहावे. ‘छान आहे पण संथ आहे’ या वाक्याने दुसऱ्या वाचकाला काहीच कळत नाही. कोणत्या भागात संथपणा उपयोगी पडला, कोणत्या भागात तो नुसता साचला, आणि आवडलेली व न आवडलेली गोष्ट एकाच मुळातून आली आहे का, हे लिहावे. नमुना म्हणून माझे मत असे मांडता येईल:

‘या कादंबरीतील निवेदक कमालीचा संयमी आहे. भयंकर गोष्टीसुद्धा तो चहाच्या टेबलावरील गप्पांच्या स्वरात सांगतो, आणि त्यामुळे भीती हळूहळू साठत जाते. पहिल्या खंडात या स्वराने मला जिंकले. परंतु याच संयमामुळे स्ट्रेंज आणि त्याची पत्नी यांच्यातील जिव्हाळा मला दीर्घकाळ दुरूनच दिसला, आणि पुढे त्यांच्यावर संकट आले तेव्हा माझे मन जितके हलायला हवे होते तितके लगेच हलले नाही. नॉरेल मला अखेरपर्यंत आवडला नाही, तरी त्याच्याइतका समजलेला माणूस या पुस्तकात दुसरा नाही. तळटीपा पुन्हा वाचीन. पोर्तुगाल पुन्हा वाचण्याची इच्छा नाही.’

असे टिपण वाचनालयातील मित्रमंडळींसमोर वाचून दाखवावे. दोन वाचकांचे मत जुळले नाही तर नेमक्या कोणत्या प्रकरणापासून ते वेगळे झाले, हे शोधणे फार आनंदाचे असते. या कादंबरीला 2005 मध्ये विज्ञान व कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि 2015 मध्ये बीबीसीने तिच्यावर सात भागांची मालिका केली. पुरस्काराचे दडपण घेऊन स्वतःचा कंटाळा लपवू नये. मालिका पुस्तकानंतर पाहावी, कारण तीत तळटीपांचे जग बहुतांशी गाळावे लागले आहे.

पुस्तक मध्येच सोडायचे ठरले, तर सोडण्याचीही एक रीत आहे. कोठवर आलो, कोण कोठे आहे आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, हे अर्ध्या पानात लिहून तो कागद पुस्तकातच ठेवावा. पुढच्या पावसाळ्यात परत यावेसे वाटले तर पुन्हा आरंभापासून वाचावे लागत नाही.

यापुढे काय वाचावे

ज्यांना ज्ञान आणि सत्ता यांचे नाते अधिक उघडपणे पाहायचे आहे त्यांनी आर. एफ. क्वांग यांची 2022 मधील ‘बेबेल’ घ्यावी. 1830 च्या दशकातील ऑक्सफर्ड, चांदीच्या पट्ट्यांवर दोन भाषांतील शब्द कोरून निर्माण होणारी जादू, आणि त्या जादूवर चालणारे ब्रिटिश साम्राज्य हा तिचा विषय आहे. तिचा नायक चीनमधील कँटनहून इंग्लंडला नेलेला मुलगा आहे आणि त्याचा जिवलग मित्र कलकत्त्याचा आहे, त्यामुळे चौथा रकाना तेथे फार लवकर भरतो. वर्गांची आणि अभ्यासाची संथ प्रकरणे मला तिच्यातील सर्वांत सरस वाटतात. उत्तरार्धात घटना वेगाने घडतात, पण लेखिका आपला युक्तिवाद पात्रांच्या तोंडून इतक्या वेळा सांगते की वाचकाला स्वतः निष्कर्ष काढायला जागा उरत नाही.

ज्यांना क्लार्क यांची भाषा आवडली पण 800 पानांची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी त्यांचीच 2020 मधील ‘पिरानेसी’ आहे. तिला 2021 चा विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन हा पुरस्कार मिळाला असून ती तीनशे पानांच्या आत आटोपते. असंख्य दालने आणि मूर्ती असलेल्या एका अफाट घरात एक माणूस जवळजवळ एकटा राहतो. त्या घराच्या खालच्या दालनांत समुद्र आहे, आणि कोणत्या दालनात भरती केव्हा चढेल याची कोष्टके तो स्वतः मांडून ठेवतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला त्याच्या या हिशोबांशी लगेच ओळख पटेल. संपूर्ण कादंबरी म्हणजे त्याच्या वह्यांतील नोंदी आहेत, आणि आपल्या वह्यांची सूचीही तो काळजीपूर्वक ठेवतो. वाचताना त्या नोंदींच्या तारखा कशा लिहिल्या आहेत आणि त्या कोठे बदलतात, हे आपल्या वहीत उतरवून घ्यावे. त्याच्यापासून काय लपवले गेले आहे, हे प्रथम तेथेच ध्यानात येऊ लागते.